घड्याळ शून्यावर आल्यावर

“थांब आजी, मला उतरू दे!”

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट आहे. चामोर्शीच्या आमच्या घरात ताटे वाढून झाली होती, भात निवत चालला होता आणि बारा वर्षांचा माझा नातू खाटेवर पाय दुमडून, हातातल्या खेळाच्या यंत्रात डोके खुपसून बसला होता. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मी जवळ गेले आणि यंत्र काढून घेण्यासाठी हात पुढे केला. तेव्हा मान वर न करताच तो हे वाक्य बोलला आणि माझा हात जागच्या जागी थांबला. हेच वाक्य मी याच घरात, याच खाटेपाशी, तेवीस वर्षांपूर्वी ऐकले होते. तेव्हा मी थांबले नव्हते.

या वेळी मी वाकून पाहिले. पडद्यावर एक तरुण चाकांच्या फळीवर उभा राहून लोखंडी कठड्यावरून घसरत चालला होता. वरच्या कोपऱ्यातले घड्याळ शून्यावर येऊन पोहोचले होते, तरी खेळ चालूच होता. तरुणाने कठडा सोडला, हवेत एक गिरकी घेतली, फळी पायाखाली आणली आणि तो जमिनीवर टेकला. टेकल्यानंतरच सारे थांबले, गुण जमा झाले आणि नातू हात धुवायला उठला.

जेवताना मी विचारले, “अरे, वेळ तर संपली होती. मग तो खेळत कसा राहिला?”

“हवेत होता ना, आजी. हवेतल्याला मध्येच थांबवत नाहीत. तो उतरेपर्यंत गेम वाट बघतो.”

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

मी मूळची वसईची. यजमानांच्या नोकरीमुळे १९८३ साली या मुलखात आले. आदल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निर्माण झाला होता. केळीच्या वाड्या आणि समुद्राचा वारा मागे टाकून मी साग-मोहाच्या रानात संसार मांडला. रविवारच्या मिस्साला जायचे तर पहाटे बस धरावी लागे. येथील एका शाळेत मी तेहतीस वर्षे गणित शिकवले. यजमान गेले, मी निवृत्त झाले, तरी वसईला परतावेसे वाटले नाही. एकुलता मुलगा पुण्यात असतो आणि नातू सुटीत माझ्याकडे येतो. इतका परिचय पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नातवाला म्हटले, “मला शिकव हा खेळ.” तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून गंभीर झाला आणि खाटेवर त्याने मला जागा करून दिली.

या खेळाला टोनी हॉक या अमेरिकन स्केटबोर्डपटूचे नाव आहे. नेव्हरसॉफ्ट या कंपनीने तयार केलेला आणि ॲक्टिव्हिजनने प्रसिद्ध केलेला पहिला भाग १९९९ साली प्लेस्टेशनसाठी निघाला. नातवाजवळ आहे ती तिसऱ्या व चौथ्या भागांची मिळून जुलै २०२५ मध्ये आलेली नवी आवृत्ती. खेळाची रचना वरवर अगदी साधी आहे. एखादा पोलादाचा कारखाना किंवा विमानतळ असे एक आवार समोर असते. त्यात आपला खेळाडू फळीवर उभा असतो आणि हाती दोन मिनिटे असतात. त्या दोन मिनिटांत जमतील तितक्या कसरती करायच्या, ठरलेले गुण मिळवायचे, आवारात विखुरलेली ‘स्केट’ या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरे वेचायची, लपवलेल्या वस्तू शोधायच्या. साधले नाही तर पुन्हा दोन मिनिटे मिळतात. कितीही वेळा.

पहिल्याच धड्यात माझी फजिती झाली. उडी मारायचे बटण मी जोर लावून दाबून धरले. खेळाडू गुडघ्यांत वाकला आणि तसाच वाकून पुढे जात भिंतीवर आदळला. नातू म्हणाला, “आजी, दाबल्यावर तो फक्त तयार होतो. सोडलंस की उडतो.” साठी ओलांडलेल्या बाईला ही गोष्ट बोटांत उतरवायला दोन दिवस लागले. या उडीला ऑली म्हणतात. फ्लोरिडातील ॲलन गेल्फंड या मुलाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती शोधून काढली आणि त्याच्याच टोपणनावावरून तिला नाव मिळाले. फळीला हात न लावता, केवळ पायांच्या हालचालीने फळीसकट हवेत उठायचे, अशी ती युक्ती. पुढे रॉडनी मलेनने ती सपाट जमिनीवर करून दाखवली आणि स्केटबोर्डचा सारा खेळच पालटला.

उडीनंतर कठडा. फळी आडवी टाकून कठड्यावरून घसरताना पडद्यावर तोलाचा एक काटा दिसू लागतो. तो कधी एका बाजूला झुकतो, कधी दुसऱ्या. आपण उलट बाजूचे बटण दाबून त्याला मध्यावर ठेवायचे. जितका अधिक वेळ कठड्यावर राहावे तितका काटा अनावर होतो. मी घाबरून बटण जास्त दाबत असे आणि ज्या बाजूला पडण्याची भीती होती तिच्या उलट बाजूला पडत असे.

मात्र गणिताच्या शिक्षिकेला खरी गोडी लागली ती गुण मोजण्याच्या पद्धतीने. एकामागून एक कसरती मध्ये खंड न पडता केल्या तर त्यांची साखळी होते. साखळीतल्या सर्व कसरतींच्या मूळ गुणांची आधी बेरीज करायची आणि कसरतींच्या संख्येने त्या बेरजेला गुणायचे. पाचशे, तीनशे आणि दोनशे गुणांच्या तीन कसरती सुट्या केल्या तर हजार गुण. त्याच एका साखळीत केल्या तर तीन हजार. परंतु हे गुण लगेच आपले होत नाहीत. साखळी चालू असेतो ते पडद्याच्या तळाशी नुसते दिसत राहतात. दोन्ही पायांवर नीट उतरलो तर जमा, पडलो तर त्या साखळीचे सगळे गुण जातात. आधी जमा झालेल्यांना मात्र धक्का लागत नाही. पडलेला खेळाडू क्षणात उठतो आणि पुन्हा निघतो. घड्याळ तेवढे त्याच्यासाठी थांबत नाही.

आणखी एक नियम मला फार शहाणपणाचा वाटला. तीच ती कसरत पुन्हा पुन्हा केली तर तिचे मोल घटत जाते. नातवाने हे सांगितले तेव्हा वर्षानुवर्षे त्याच पुस्तकातली तीच उदाहरणे फळ्यावर लिहिणारी एक बाई मला आठवली आणि मी विषय बदलला.

सुरुवातीच्या खेळात सपाट जमिनीवर टेकले की साखळी तुटत असे. २००० साली दुसऱ्या भागात दोनच चाकांवर तोल सावरत जमिनीवरून जाण्याची सोय झाली. तिला मॅन्युअल म्हणतात. २००१ च्या तिसऱ्या भागात उतारावर उतरताच झटकन वळून साखळी जिवंत ठेवण्याची युक्ती आली. या दोन दुव्यांमुळे अख्खी दोन मिनिटे एकच साखळी ओढत नेणे शक्य झाले. येथेच खेळणाऱ्याची परीक्षा होते. हाती लाखभर गुण दिसत असतात, मन म्हणते आणखी एक, आणि त्या एकापायी सगळे जाते. नातवाचे असे कितीदा तरी झाले. “आता उतर, पुरे!” असे मी ओरडे आणि तो न उतरता पडे. एकदा मीही चार कसरती साधून पाचवीच्या मोहाने पडले. मग ओरडणे बंद केले.

आता खेळाडूच्या प्रगतीविषयी. नव्या खेळाडूचे अंगभूत गुण सुरुवातीला बेताचे असतात. उंच उडणे, वेग, गिरकी, कठड्यावरचा तोल, उतरताना सावरणे अशा एकेका गुणापुढे एकेक पट्टी असते. आवारात जागोजागी लपवलेले बिंदू शोधून काढले की ते या पट्ट्यांत भरता येतात. दुसऱ्या भागात हेच बिंदू खेळात मिळालेल्या पैशांनी विकत घ्यावे लागत. पट्ट्या भरल्या की खेळाडू उंच उडतो, वेगाने धावतो, त्याचा तोल लवकर जात नाही. मी म्हटले, “हे तर प्रगतिपुस्तकच झाले.” जन्मभर अशाच पट्ट्या भरण्याचे काम मी केले होते.

आठवड्याने नातवाने माझी परीक्षा घेतली. सगळ्या पट्ट्या काठोकाठ भरलेला त्याचा खेळाडू त्याने माझ्या हाती दिला. मी त्याला घेऊन उंच उडाले आणि तितक्याच उंचीवरून तोंडावर आपटले. मग त्याने अगदी नवा, रिकाम्या पट्ट्यांचा दुर्बळ खेळाडू घेतला आणि पहिल्याच फेरीत माझ्या कितीतरी पट गुण मिळवले. वेगळे काही सांगायची गरज उरली नाही. पट्ट्यांतली प्रगती खेळाडूच्या नावावर जमा होते. खेळणाऱ्याची प्रगती त्याच्या बोटांत, डोळ्यांत आणि धीरात होत असते, आणि पडद्यावर तिची नोंद कोठेच नसते. शेकडो वेळा पडल्यानंतर ती अंगी आलेली असते. एखाद्या मुलाचे प्रगतिपुस्तक हातात घेऊन ‘तू असा आहेस’ असे सांगताना मी नेमकी कोणती पट्टी वाचत होते, हा प्रश्न मला त्या दुपारी पडला.

ज्याच्या नावाचा हा खेळ आहे त्याचीही एक हकीकत नातवाने सांगितली. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एक्स गेम्स या स्पर्धा चालू होत्या. हवेत अडीच गिरक्या घेऊन उतरायचे, अशी एक कसरत साधण्याचा टोनी हॉक कित्येक वर्षे प्रयत्न करीत होता. अडीच गिरक्या म्हणजे नऊशे अंश. त्याचे वय तेव्हा एकतीस होते. त्या दिवशी त्याचे अकरा प्रयत्न फसले. ठरलेली वेळ संपून गेली, पण त्याला कोणी खाली बोलावले नाही. बाराव्या प्रयत्नात तो उतरला. स्पर्धेत ही कसरत करणारा तो पहिला. हा खेळ त्याच वर्षी बाजारात आला. घड्याळ शून्यावर आले तरी हवेतल्याला उतरू द्यायचे, हा नियम करणाऱ्यांच्या मनात काय होते कोण जाणे. मला मात्र ही हकीकत आणि तो नियम सख्ख्या भावंडांसारखे वाटतात.

येथवर आल्यावर मला माझी हकीकत सांगितलीच पाहिजे.

२००१ च्या नाताळात आम्ही वसईला गेलो होतो. माझा भाऊ कुवेतहून सुटीवर आला होता. त्याने माझ्या मुलाला एक प्लेस्टेशन दिले आणि त्यासोबत याच खेळाच्या दुसऱ्या भागाची तबकडी. ते यंत्र आम्ही कपड्यांत गुंडाळून चामोर्शीला आणले. भारनियमनाचे दिवस होते. वीज असेल तेव्हा अभ्यास करायचा की खेळायचे, यावरून घरात रोज वाद होई. मुलगा नववीतून दहावीत गेला. गणितात तो कच्चा होता, आणि त्याला गणित शिकवणारी मीच होते. वर्गात ‘बाई’ आणि घरी ‘आई’. त्याला दोन्हीकडे सुटका नव्हती.

२००२ च्या नोव्हेंबरात सहामाहीचे गुण लागले. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तो खेळत होता. पाच मिनिटांत बंद कर, असे मी सांगितले. पाच मिनिटे झाल्यावर गेले, तर तो म्हणाला, “थांब आई, मला उतरू दे.” मी भिंतीवरचे बटण बंद केले. पडदा काळा झाला. तो काही बोलला नाही. माझ्याकडे वळून त्याने फक्त पाहिले. ते पाहणे मला उद्धटपणाचे वाटले होते. त्याच रात्री मी यंत्र बांधून माळ्यावर टाकले आणि पुढे ते ओळखीच्या एका मुलाला देऊन टाकले.

२००३ च्या मार्चमध्ये त्याने परीक्षा दिली. फेब्रुवारीत त्याला सोळावे पूर्ण झाले होते. जूनमध्ये निकाल लागला. गणितात पस्तीसला सहा गुण कमी पडले. तो म्हणाला, “आई, मी ऑक्टोबरला बसतो. या वेळी काढीन.” मी म्हटले, “तुझी वेळ संपली.” गणिताच्या बाईंचा मुलगा गणितात नापास, पुन्हा बसून पुन्हा पडला तर शाळेत तोंड कसे दाखवू, एवढाच विचार मी केला. आठवडाभरात त्याची ट्रंक भरून मी त्याला वसईला दिराच्या घरी पाठवले. यजमान मध्ये पडले, पण मी ऐकले नाही.

त्याने ऑक्टोबरची परीक्षा वसईतून दिली. फॉर्म काकांच्या सहीने भरला. पास झाल्याचे मला पत्राने कळले. त्या पत्रावर अक्षर काकांचे होते. मग त्याने आयटीआय केले, नोकरी धरली, लग्न केले. आमच्यात कधी भांडण झाले नाही. सणाला फोन येतो, पैसे येतात, औषधांची चौकशी होते. परंतु त्या जूननंतर माझ्या मुलाने मला कधीही काहीही मागितले नाही. आईला याहून मोठी शिक्षा नसते. ती भोगत असताना आपण कशाबद्दल भोगतो आहोत हेही मला नीट उमगले नव्हते.

सुटीच्या दुसऱ्या आठवड्यात नातवाला घेऊन मी मार्कंड्याला गेले. चामोर्शीहून ते जवळच आहे. वैनगंगा येथे वळून उत्तरेकडे वाहते आणि त्या वळणावर काळपट दगडांचा मंदिरसमूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३-७४ च्या दौऱ्यात त्याची नोंद केली. फार पूर्वी वीज पडून मुख्य मंदिराच्या शिखराची हानी झाली होती, आणि तरीही भिंतींवरील मूर्ती पाहत माणूस तासन्‌तास उभा राहतो. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या मुलांबरोबर मी कितीदा तरी येथे आले आहे.

नातवाने मार्कंडेयाची गोष्ट विचारली. मुलांकडून ऐकलेली मी त्याला सांगितली. मृकंड ऋषींना देवाने विचारले, अल्पायुषी पण गुणी पुत्र हवा की दीर्घायुषी पण मूर्ख? त्यांनी गुणी मुलगा मागितला. त्याला सोळाच वर्षे मिळाली होती. सोळावे सरले, यम फास घेऊन आला, तेव्हा मुलाने शिवलिंगाला घट्ट मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हाताने परत जावे लागले. त्याच मार्कंडेयांनी येथे तप केले अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे.

नातू क्षणभर विचार करून म्हणाला, “म्हणजे टाइम संपल्यावर पण दिला त्याला टाइम.”

मी काही बोलले नाही. नदीकडे पाहत उभी राहिले. धर्म कोणताही असो, मुलाची वेळ संपली हे ऐकून घ्यायला माणसाचे मन तयार नसते. म्हणून तर अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. मीही त्या वर्गात मुलांच्या तोंडून ऐकल्या होत्या. घरी आल्यावर मात्र माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला मी तेच वाक्य सांगून मोकळी झाले होते.

हे सारे वाचून कोणी असे समजू नये की मी मुलांच्या हाती अष्टौप्रहर हे यंत्र द्यावे असे सांगते आहे. पडद्यावरच्या पडण्यात वेदना नसतात, हा त्या खेळाचा मोठा उणेपणा आहे. मार्कंड्याहून परतल्यावर दोन दिवसांनी नातवाने गल्लीतल्या मुलांची बेअरिंगची गाडी मागून घेतली आणि तिच्यावर बसण्याऐवजी तो उभा राहिला. सिमेंटच्या उतारावर चार हात जाऊन सपशेल आपटला. कोपर सोलले, डोळ्यांत पाणी आले. मी धावले, तेव्हा शेजारचे म्हातारे बाजेवरून म्हणाले, “पडू द्या जी पोराले, बाई. पडल्याबिगर तोल कसा समजंल?” नातू उठला. पडद्यावरच्या खेळाडूसारखा क्षणात नव्हे. चांगली पाच मिनिटे बसून, रक्त पुसून, मग उठला. आणि पुन्हा चढला.

खऱ्या फळीवर पडून उठणारी मुले आपल्याकडेही आहेत. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली मुलांसाठी स्केटबोर्डचे मैदान बांधले. शाळेत न जाणाऱ्याला फळी मिळणार नाही आणि मुलींचा क्रम पहिला, हे तेथले नियम. त्या खेड्यातील आशा गोंड ही मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंग येथील जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला, आणि २०२२ साली गुजरातेत भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने या खेळात सुवर्णपदक मिळवले. यांपैकी प्रत्येकीच्या पदरी किती पडणे असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

नातवाला मी एकदा विचारले, “ही दोन मिनिटे कमी पडली तर?” तो म्हणाला, “सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येतात की.” आणि एक मौजेची गोष्ट त्याने सांगितली. २००२ सालच्या मूळ चौथ्या भागात कर्त्यांनी दोन मिनिटांचे घड्याळच काढून टाकले होते. आवारात हवे तितके हिंडावे, भेटेल त्याने दिलेले काम करावे. नव्या आवृत्तीत ते घड्याळ परत आले, म्हणून पुष्कळ जुने खेळाडू नाराज झाले. पण ज्याला हवा त्याला वेळ वाढवून घेण्याची मुभा ठेवली आहे. आमच्या परीक्षा मंडळालाही अशी बुद्धी झाली आहे. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैमध्ये होऊ लागली. नापास झालेल्याचे वर्ष वाचते. तो निर्णय वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत बसले होते. चांगले झाले, असे सगळ्यांबरोबर मीही म्हटले होते.

सुटी संपता संपता नातवाला न्यायला मुलगा आला. मी दिवाणाखालची ट्रंक उघडून ठेवली होती. यंत्र मी देऊन टाकले होते. पण त्याला जोडायचे एक छोटे कार्ड, ज्यात खेळाडूची प्रगती साठवलेली असते, ते सुटून मागे राहिले होते. त्यावर मुलाने चिठ्ठी चिकटवून आपले नाव लिहिले होते. का कोण जाणे, ते मी टाकले नव्हते. बापाच्या खेळाडूच्या पट्ट्या अजून त्यात असतील, असे नातवाला वाटते. आमच्याजवळ पाहायला साधन नाही.

रात्री जेवणापूर्वी मी ते कार्ड मुलाच्या हातावर ठेवले. त्याने ते उलटेसुलटे केले. चिठ्ठीवरचे स्वतःचे अक्षर वाचले.

“अजून ठेवलंयस?”

मी म्हटले, “तू उतरू दे म्हणाला होतास. मी दिलं नाही. तेव्हाही नाही आणि जूनमध्येही नाही.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “उतरलो ना मी नंतर, आई.”

“उतरलास. तुझ्या बळावर उतरलास. मी बघायला नव्हते.”

यावर तो काही बोलला नाही. मीही क्षमेचा शब्द उच्चारला नाही. आमच्या घरात तो मोठ्याने उच्चारण्याची सवय नाही. कार्ड त्याने खिशात घातले. थोड्या वेळाने म्हणाला, “आई, उद्या जाताना तुझ्या हातचं आंब्याचं लोणचं देशील का थोडं?”

बावीस वर्षांनी त्याने मला काही मागितले होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच बरणीचे झाकण पुसत राहिले.

परत आले तेव्हा बापलेक खाटेवर खांद्याला खांदा लावून बसले होते. यंत्र मुलाच्या हातात होते. बोटे इतक्या वर्षांनी चाचपडत होती, पण विसरली नव्हती. नातू बाजूला बसून ओरडत होता, “बाबा, उतरा, आता उतरा!” ताटे वाढलेली होती. पडद्यावरचे घड्याळ शून्यावर आले होते आणि खेळाडू अजून हवेत होता.

भात निवत होता. मी दारात उभी राहिले, आणि हाक मारली नाही.